ज्यूरीचे बोलावणे आणि ज्यूरीचा त्याग

अमेरिकेत घरदार करून राहिलेल्या मराठी माणसाच्या टपालपेटीत, विजेची बिले आणि दुकानांची जाहिरातपत्रके यांच्या गर्दीतून, एखाद्या दिवशी न्यायालयाची मुद्रा असलेला एक लिफाफा निघतो. आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हा उपदेश ज्याने लहानपणापासून ऐकलेला असतो, त्याच्या मनात ते ज्यूरीचे समन्स वाचताक्षणीच, यातून सुटावे कसे, हा एकच प्रश्न उभा राहतो. प्रश्नात गैर काही नाही. सूट कोणास द्यावी, कोणास देऊ नये आणि कोणास पुढची तारीख देऊन तूर्त मोकळे करावे याचे नियम कायद्यानेच घालून दिलेले आहेत, आणि त्यांचा आधार मागण्यात कमीपणाही नाही. परंतु रीतसर सूट मागणे निराळे आणि तो लिफाफा ‘बघू नंतर’ म्हणून फ्रिजवर ठेवून देणे निराळे. फेडरल न्यायालयाच्या समन्सास सबळ कारणावाचून जो हजर राहत नाही त्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद, समाजसेवेचा हुकूम, किंवा या तिन्ही गोष्टी एकदम भोगाव्या लागू शकतात. राज्यांच्या न्यायालयांचे दंड आपापल्या कायद्याप्रमाणे वेगवेगळे आहेत.

समन्स आपल्याच नावाने का आले, याविषयी शंकाकुशंका काढण्याचे कारण नाही. मतदारांच्या याद्यांतून, आणि पुष्कळ राज्यांत वाहनपरवान्यांच्या याद्यांतूनही, सोडतीने नावे काढली जातात. आणि वाहनपरवाना हा काही नागरिकत्वाचा दाखला नसल्यामुळे ग्रीन कार्डावर किंवा एच-वन व्हिसावर राहणाऱ्याचेही नाव त्या सोडतीत निघू शकते. अशा माणसास ज्यूरीत बसताच येत नाही. पण म्हणून कागद केराच्या टोपलीत टाकण्याची मुभा त्यास मिळत नाही. ज्यूरीसाठी भरावयाच्या प्रश्नपत्रिकेत नागरिकत्वाविषयीचा प्रश्न असतो, त्यासमोर ‘नाही’ अशी खूण करून, सही करून, तो कागद मुदतीत परत धाडावा, म्हणजे काम संपले. याच ठिकाणी अतिशय सावध राहावयास हवे, कारण घाईघाईने, किंवा ‘एवढ्याने काय होते’ अशा समजुतीने, त्या प्रश्नासमोर ‘होय’ लिहिणे म्हणजे अमेरिकन नागरिकत्वाचा खोटा दावा करणे होय, आणि इमिग्रेशनच्या कायद्यात या दाव्याइतके महाग पडणारे असत्य क्वचितच दुसरे असेल: पुढे नागरिकत्वाचा अर्ज करतेवेळी तो कागद समोर येऊ शकतो आणि प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकते. उलटपक्षी ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे आणि ज्यांच्यापाशी ओसीआय कार्ड आहे, त्यांनी आपण दोन्हीकडचे आहोत अशा भ्रमात राहू नये. ओसीआय म्हणजे भारताचे नागरिकत्व नव्हे, आणि ते कार्ड दाखवून ज्यूरीतून कोणाची सुटका होत नाही.

फेडरल न्यायालयांपुरती पात्रता १९६८ च्या ज्यूरीविषयक कायद्याने ठरविली आहे. वय निदान अठरा, नागरिकत्व, त्या न्यायालयाच्या हद्दीत निदान एक वर्षाचे वास्तव्य, प्रश्नपत्रिका भरता येण्याइतके आणि कामकाज समजण्याइतके इंग्रजीचे ज्ञान, काम करण्याजोगी शारीरिक व मानसिक प्रकृती, आणि एक वर्षाहून अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप वा शिक्षा डोक्यावर नसणे, इतक्या गोष्टी पाहिल्या जातात. यांपैकी इंग्रजीची अट आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. वयाची पन्नास वर्षे व ग्रीन कार्डाची वीस, अथवा वयाची पंचावन्न व ग्रीन कार्डाची पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर ज्यांनी इंग्रजीची परीक्षा न देता नागरिकत्व घेतले, अशा आजी-आजोबांच्या नावाने समन्स आले असता मुलासुनेने त्यांच्या वतीने ‘इंग्रजी उत्तम येते’ असे लिहून प्रतिष्ठा मिरविण्याचे कारण नाही. फॉर्म दुसऱ्याने भरून दिल्यास तसे नमूद करून वस्तुस्थिती लिहावी. मात्र दिवसभर इंग्रजीत बैठका गाजवणाऱ्या इंजिनिअराने समन्स हाती पडताच आपली भाषा कच्ची असल्याची तक्रार करावी, हे कारकुनास पटत नाही आणि न्यायाधीशास तर त्याहून पटत नाही.

पात्र असूनही ज्यांना फेडरल ज्यूरीत घेतच नाहीत असे वर्ग तीन: लष्करात प्रत्यक्ष सेवेत असलेले लोक, अग्निशमन व पोलीस खात्यांतील व्यावसायिक कर्मचारी, आणि पूर्णवेळ सरकारी पदाधिकारी. याखेरीज वयाची सत्तर वर्षे उलटलेल्यांना, किंवा गेल्या दोन वर्षांत फेडरल ज्यूरीचे काम केलेल्यांना, मागितल्यास सूट देण्याची पद्धत बहुतेक फेडरल न्यायालयांत आहे. ‘मागितल्यास’ हा शब्द विसरू नये, कारण वय पाहून सूट आपोआप घरी चालून येत नाही. राज्याराज्यांत ही मर्यादा बदलते. टेक्ससमध्ये ती पंचाहत्तर आहे. कॅलिफोर्नियात निव्वळ वयावर सूट नाही, पण सत्तरी ओलांडलेल्याने प्रकृतीचे कारण सांगितल्यास डॉक्टरांचा दाखला जोडण्याची सक्ती त्याच्यावर करीत नाहीत. एके काळी डॉक्टर, वकील इत्यादी प्रतिष्ठित व्यवसायांना कित्येक राज्यांत सरसकट माफी असे. न्यूयॉर्क राज्याने १९९६ पासून ती सारी काढून टाकली, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी न्यूयॉर्क शहराचे तत्कालीन महापौर रुडॉल्फ जुलियानी हे स्वतःच एका दाव्यात ज्यूरीत बसले. तेव्हा आपला दवाखाना किंवा आपली कंपनी आपल्यावाचून एक दिवसही चालणार नाही, हे कारण लिहिण्यापूर्वी थोडा विचार करावा.

आता खऱ्या अडचणींकडे वळू. ‘अवाजवी हाल किंवा अत्यंत गैरसोय’ हे सूट मिळण्याचे सर्वसाधारण कारण होय, आणि त्या शब्दांत काय बसते याचा अंदाज कॅलिफोर्नियाच्या नियमांवरून चांगला येतो. न्यायालयापर्यंत पोहोचण्यास वाहनाची सोय नसणे किंवा प्रवासास एका बाजूने दीड तासाहून अधिक वेळ लागणे, कुटुंबाच्या पोटापाण्यावरच गदा येईल असा आर्थिक भार पडणे, घरी लहान मूल, आजारी वा वृद्ध माणूस असून त्याच्याजवळ बसण्यास दुसरे कोणी न मिळणे, ही कारणे तेथे मान्य होतात. ‘कामाचा व्याप फार आहे’ हे कारण तसे मान्य होत नाही. अर्ज लिहिताना नेमके लिहावे. ‘घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही’ या वाक्याने कोणाचेच समाधान होत नाही. त्याऐवजी सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आहे, दिवसा त्यांच्यापाशी मी एकटीच असते, यजमान अमुक वाजता कामावर जातात व अमुक वाजता परततात, पगारी मदतनीस आठवड्यातून दोनच दिवस येते, असे चार ओळींत लिहून डॉक्टरांचे पत्र जोडले, तर ते वाचणाऱ्या कारकुनास निर्णय घेणे सोपे जाते.

परंतु माझ्या मते पुष्कळ प्रसंगी सूट मागण्यापेक्षा तहकुबी मागणे अधिक शहाणपणाचे असते. मुंबईची तिकिटे काढलेली आहेत, मुलीचे बाळंतपण तोंडावर आहे, परीक्षा आहेत, शस्त्रक्रिया ठरली आहे, असे असता न्यायालयास नकार ऐकवण्याऐवजी सोयीची दुसरी तारीख सुचवली, की पहिल्या खेपेस ती बहुधा विनातक्रार मिळते, आणि कित्येक न्यायालयांत तर हे काम संकेतस्थळावर किंवा फोनवर होऊन जाते. कॅलिफोर्नियात अंगावर दूध पिणारे मूल असलेल्या आईस एक वर्षापर्यंत काम पुढे ढकलून मिळते, तेही न्यायालयात न जाता. भारतात चार-सहा महिने मुक्कामास जाणाऱ्या मंडळींनी मात्र एक व्यवस्था अवश्य करून ठेवावी: टपाल उघडून पाहण्याचे काम मुलाकडे किंवा विश्वासू शेजाऱ्याकडे सोपवावे, कारण बंद घराच्या टपालपेटीत पडून राहिलेल्या समन्साची मुदत तुमच्या परतीची वाट पाहत नाही.

नोकरी जाईल ही भीती बाळगू नये. फेडरल ज्यूरीच्या कामासाठी गेलेल्या कायम नोकरास काढणे, धमकावणे वा त्याची अडवणूक करणे यास कायद्याची बंदी असून मालकास प्रत्येक उल्लंघनासाठी पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्या दिवसांचा पगार देण्याचे बंधन मात्र हा कायदा खासगी मालकावर घालीत नाही. ते कंपनीच्या नियमांत पाहावे. भत्ता म्हणाल तर फेडरल न्यायालय दिवसास पन्नास डॉलर देते, आणि कॅलिफोर्नियाची न्यायालये दुसऱ्या दिवसापासून पंधरा. एवढ्यात दोन वेळचे जेवण भागले तरी पुष्कळ. आणखी एक गोष्ट. ‘तुम्ही ज्यूरीस गैरहजर राहिलात, तुमच्यावर वॉरंट निघाले आहे, ताबडतोब पैसे भरा’ असा फोन आला, तर तो लबाडाचा समजून खाली ठेवावा. न्यायालय फोनवरून दंड वसूल करीत नाही, आणि सोशल सिक्युरिटीचा क्रमांकही तसा विचारीत नाही.

सूट नाही मिळाली आणि ठरल्या दिवशी दिवाणखान्यासारख्या त्या मोठ्या खोलीत सकाळपासून बसावे लागले, तरी ज्यूरीत नेमणूक होतेच असे नाही. नाव पुकारल्यावर इजलासात नेऊन न्यायाधीश, आणि कित्येक ठिकाणी दोन्ही बाजूंचे वकील, उमेदवारांस प्रश्न विचारतात: पक्षकारांपैकी कोणाची ओळख आहे काय, अशाच गुन्ह्याचा अनुभव घरात कोणास आला आहे काय, पोलिसाचा शब्द इतरांच्या शब्दाहून अधिक खरा मानाल काय. निःपक्षपाती राहणे अशक्य आहे असे दिसले तर सकारण हरकतीने न्यायाधीश त्या माणसास मोकळे करतात. याशिवाय कारण न सांगता काही जणांस वगळण्याची मुभाही दोन्ही बाजूंना असते, आणि फेडरल न्यायालयातल्या गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीस असे दहा व सरकारपक्षास सहा जण वगळता येतात. केवळ वंशावरून कोणास वगळणे मात्र १९८६ च्या बॅट्सन खटल्यापासून निषिद्ध ठरले आहे. दुसऱ्याचा न्यायनिवाडा करणे आपल्या धर्मबुद्धीस पटत नाही असे ज्यास मनापासून वाटते, त्याने ते या वेळी न्यायाधीशापुढे स्पष्ट सांगावे. पण सुटण्यासाठी खोटाच पूर्वग्रह दाखवण्याचा सल्ला मित्रमंडळीत जो हसत हसत दिला जातो तो कानाआड करावा. ही उत्तरे शपथेवर दिली जातात.

येथवर कर्तव्याची बाजू झाली. हीच ज्यूरी, आपण आरोपीच्या पिंजऱ्यात किंवा पक्षकाराच्या खुर्चीत असलो, म्हणजे हक्क होते, आणि तो सोडावा की धरून ठेवावा हा प्रश्न समन्सापेक्षा कितीतरी पटींनी गंभीर असतो. कर्तव्य गप्प बसल्याने टळत नाही. दिवाणी दाव्यात हक्क मात्र नुसत्या गप्प बसण्याने जातो, आणि आपल्या लोकांचे नुकसान होते ते बहुधा येथे.

फौजदारी खटल्यात सुदैवाने तसे होत नाही. सहा महिन्यांहून अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्यात ज्यूरी मागण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेने दिला आहे, आणि आरोपीने तो समजून-उमजून सोडल्यावाचून जात नाही. सोडता येतो हे १९३० साली पॅटन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्या खटल्यात बारांपैकी एक ज्यूरर आजारी पडला असता उरलेल्या अकरांसमोर काम पुढे चालवण्यास दोन्ही बाजूंनी संमती दिली होती. मात्र १९६५ च्या सिंगर खटल्यात त्याच न्यायालयाने असेही सांगितले, की ज्यूरीवाचून केवळ न्यायाधीशाकडूनच निवाडा मिळावा असा हट्ट धरण्याचा हक्क आरोपीस नाही. म्हणून फेडरल न्यायालयात त्यागपत्र लेखी लागते, सरकारपक्षाची संमती लागते, आणि न्यायाधीशाची मान्यताही लागते. कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंची संमती भर इजलासात सांगावी लागते. इलिनॉयमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये सरकारपक्षाची संमती लागत नाही, तरी न्यूयॉर्कमध्ये त्यागपत्रावर आरोपीने स्वतः, उघड्या न्यायालयात, न्यायाधीशासमोर सही करावी लागते.

त्या प्रसंगी न्यायाधीश आरोपीस प्रत्यक्ष प्रश्न विचारतात. ज्यूरी निवडण्यात तुमच्या वकिलास भाग घेता येतो हे ठाऊक आहे काय; ज्यूरीचा निर्णय एकमताने व्हावा लागतो हे ठाऊक आहे काय; ज्यूरी सोडल्यास दोषी की निर्दोष हे मी एकटाच ठरवीन हे समजले काय; कोणी धमकी दिली किंवा वचन दिले काय; आज कोणते औषध घेतले आहे काय. मोठ्या माणसाने विचारलेल्या प्रश्नास समजो न समजो मान डोलवून ‘येस, येस’ म्हणण्याची आपली सवय या ठिकाणी घातक आहे. एकही वाक्य न समजल्यास तेथेच थांबवून विचारावे, आणि इंग्रजीचा भरवसा नसल्यास मराठी दुभाषी आधीच मागून घ्यावा. सरकारने आणलेल्या फेडरल खटल्यात गरज असता दुभाषी पुरवण्याची तरतूद १९७८ च्या कायद्याने केलेली आहे. खटला एकदा सुरू झाला, की दिलेला त्याग परत घेणे साधारणतः शक्य होत नाही.

मग सोडावा कोणी? ज्यूरी म्हटली, की मराठी मनात दोन आठवणी जाग्या होतात. १९०८ साली मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ ज्यूररांत सात युरोपियन व दोन पारशी होते, आणि सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना दोषी ठरवले गेले. १९५९ साली त्याच शहराच्या सेशन्स कोर्टात कमांडर नानावटी यांना खुनाच्या खटल्यात आठ विरुद्ध एक मताने ज्यूरीने निर्दोष म्हटले, न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण हायकोर्टाकडे धाडले, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीस स्थानच उरले नाही. या आठवणींमुळे, परक्या वर्णाचे आणि परक्या उच्चारांचे आम्ही, बारा अनोळखी लोकांच्या हाती कशाला सापडावे, असे अमेरिकेतल्या मराठी आरोपीस वाटले तर ते स्वाभाविक आहे. पण त्या दोन्ही खटल्यांत बहुमताने निर्णय झाला होता, ही गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकेत २०२० च्या रामोस खटल्यापासून गंभीर गुन्ह्यात प्रत्येक राज्याला ज्यूरीचे एकमत आवश्यक झाले आहे, म्हणजे टिळकांच्या बाजूने पडली होती तशी दोन मते सोडाच, एक मत आरोपीच्या बाजूने पडले तरी तेथे शिक्षा होत नाही. हा लाभ न्यायाधीशासमोर चालणाऱ्या खटल्यात नाही.

तथापि बचाव जर वस्तुस्थितीवर नसून कायद्याच्या बारीक मुद्द्यावर उभा असेल, कागदपत्रे हिशेबी व किचकट असतील, किंवा आरोपच असा असेल की तो ऐकताच सामान्य माणसाचे रक्त तापावे, तर अनुभवी न्यायाधीश बरा, असे पुष्कळ वकील म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. न्यायाधीशासमोर खटला लवकर आटोपतो आणि खर्चही कमी येतो. त्या विशिष्ट न्यायाधीशाचा लौकिक काय, त्या काउंटीतील ज्यूरी कशा असतात, हे स्थानिक वकिलाकडून विचारून घ्यावे. दुसऱ्या राज्यातल्या भाच्याने दिलेला सल्ला येथे उपयोगाचा नाही.

दिवाणी दाव्याची गोष्ट वेगळी. फेडरल न्यायालयात ज्या मुद्द्यावर ज्यूरी हवी असेल त्यावरची शेवटची कैफियत बजावल्यापासून चौदा दिवसांच्या आत ज्यूरीची लेखी मागणी केली नाही, की हक्क सोडला असे धरतात. कॅलिफोर्नियात दीडशे डॉलरची ज्यूरी फी मुदतीत न भरल्यास तोच परिणाम होतो. याहून नकळत हक्क जातो तो करारनाम्याच्या बारीक टायपात. भाडेपट्टा, कर्जाचे कागद, नोकरीचे पत्र यांत ज्यूरी सोडल्याचे कलम असते किंवा तंटा लवादाकडे नेण्याचे असते. पहिल्या प्रकारचे, तंट्यापूर्वीच लिहून घेतलेले कलम कॅलिफोर्निया व जॉर्जिया या राज्यांत तेथील न्यायालये मानीत नाहीत, पण इतरत्र ते पुष्कळदा टिकते. आणि लवादाच्या कलमास तर १९२५ च्या फेडरल कायद्याचे भक्कम पाठबळ आहे. लैंगिक अत्याचार व छळाच्या तक्रारींना मात्र २०२२ च्या कायद्याने या सक्तीतून बाहेर काढले, हे नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी ध्यानात ठेवावे.

राहिला तो सर्वांत सामान्य त्याग, म्हणजे गुन्ह्याची कबुली. फेडरल न्यायालयांतील बहुतेक फौजदारी प्रकरणे कबुलीनेच मिटतात, आणि जो कबुली देतो तो त्याच क्षणी ज्यूरीचा हक्कही सोडतो. दंड थोडा, कैद नाही, प्रकरण आजच संपते, या गोडीने दुकानातली किरकोळ चोरी किंवा घरातली मारहाण असल्या आरोपांवर कबूल होणाऱ्या ग्रीन कार्डधारकास पुढे हद्दपारीची नोटीस येऊ शकते, आणि इमिग्रेशनच्या न्यायालयात ज्यूरी नसते. २०१० च्या पॅडिया खटल्यानुसार कबुलीने हद्दपारीचा धोका येतो काय, हे अशिलास सांगणे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे. त्याने आपणहून न सांगितल्यास तुम्ही विचारावे, आणि कबुलीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो इमिग्रेशनच्या वकिलालाही दाखवावा. आणि शेवटी, आरंभीच्या त्या लिफाफ्याविषयी एक आठवण: त्यातली फेडरल ज्यूरीची प्रश्नपत्रिका हाती असेल, तर ती परत करण्याची मुदत दहा दिवसांची आहे.